एका नावाची मतदार यादी

यादी छापून बाहेर आली आणि तिच्यात एकच नाव होतं. मास्तरांनी प्रिंटरला थोपटलं. कागद अडकला असेल म्हणून मागचं झाकण उघडून बघितलं. कागदबिगद काही अडकलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा यादी काढली. पुन्हा तेच एक नाव, आणि ते नाव मास्तरांचं स्वतःचं.

"ताई!" ते ओरडले. "अगं ताई, इकडे ये लवकर!"

ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ती हात पुसत आली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि यादी वाचली. वाचायला वेळ लागलाच नाही. मग ती जी हसायला लागली, ती खुर्ची धरून खाली बसली तरी हसतच राहिली. तिची नोकरी मतदार यादीच्या कचेरीत झाली होती. सलग तीस वर्षं. मेलेली माणसं यादीत जिवंत, जिवंत माणसं यादीतून गायब, एका खोलीत राहणारे चाळीस मतदार, सगळं बघून झालं होतं तिचं. पण हे नवीन होतं.

"मतदार एक," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि यादी करणाराही तोच! अरे, इतकी सोपी निवडणूक मला नोकरीत एकदाही मिळाली नाही रे."

"हसू नकोस. शनिवारी सभा आहे. ही यादी बघितली ना लोकांनी, तर उभा सोलतील मला."

"मटार राहिलेतच थोडे. तुलाही घेते त्यातच."

आता हे मास्तर म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल शाळेत शिकवत असतील. छे! त्यांनी आयुष्यात एक तास घेतलेला नाही. कुणाचंही काम तपासायला आलं की लाल पेन मिळाल्यासारखे त्यावर तुटून पडतात, म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी 'चौकट' लिहिली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडक्या, बटणं, मेनू, याद्या दिसतात ना, ते सगळं प्रत्येकानं मुळापासून बनवायचं म्हटलं तर जन्म जाईल. चौकटीत ते तयार मिळतं. घ्या आणि आपल्या प्रोग्रॅमला लावा. फुकट. आतला कोडही उघडा: वाचा, बदला, काही सुधारलंत तर परत पाठवा. वाचनालयात, दवाखान्यात, बस डेपोच्या खिडकीमागे, कुठे कुठे चौकट जाऊन बसली होती, आणि वापरणाऱ्यांतले कितीतरी जण आपापल्या दुरुस्त्या पाठवतही होते.

पण मास्तरांची एक खोड होती. कुणाचा बदल आला की ते वाचायचे, "कल्पना बरी आहे" असं स्वतःशीच म्हणायचे, आणि मग तो बदल पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून काढायचे. आपल्या पद्धतीनं, आपल्या वळणात. तो आपल्या नावावर चौकटीत टाकायचे आणि त्या माणसाला दोन शब्दांचं पत्र धाडायचे: "धन्यवाद. घेतलं." यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनाला कधी शिवलंच नाही हो! त्यांच्या लेखी ही स्वच्छता होती. घर कसं, एका हातचं दिसलं पाहिजे.

दीड महिन्यापूर्वी पस्तीस जणांच्या सह्यांचं पत्र आलं. भाषा गोड होती, पण म्हणणं स्वच्छ होतं. चौकट आता एका माणसाच्या खुर्चीतून चालणार नाही. चारशे बदल तुमच्या दारात पडून आहेत, काही तर तीन तीन वर्षं. सगळे मिळून पाच जणांचं मंडळ निवडू, बदल आत घ्यायचा हक्क आणखी काही जणांच्या हातात देऊ. हे तुम्हाला जमत नसेल, तर आम्ही चौकटीची एक प्रत घेतो आणि वेगळी चूल मांडतो. तसं करायला कुणाची परवानगीही नको होती. ती मास्तरांनीच पहिल्या दिवशी सगळ्या जगाला लेखी देऊन ठेवली होती.

मास्तरांचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी तीन पानी उत्तर खरडलं, 'खुशाल चालते व्हा' अशा थाटाचं. ताईनं ते सकाळच्या चहाला मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. दुसऱ्या पानावर आल्यावर मास्तरांनी तिच्या हातातून ते ओढलं आणि टराटरा फाडलं. कारण खरं सांगायचं तर ते घाबरले होते. रोज सकाळी उठून पत्रं उघडावीत, कुणीतरी कुठेतरी कशावर तरी अडलंय ते बघावं, यावर त्यांचा दिवस उभा राहायचा. ती माणसं उठून गेली तर मागे काय उरणार होतं? एक खुर्ची, एक पडदा आणि त्यासमोर बसलेले ते.

म्हणून ते कबूल झाले. इतके कबूल झाले की मत कुणाला असावं याचा नियमही त्यांनी स्वतःच लिहिला. चौकटीच्या नोंदीत ज्याच्या नावावर एक तरी बदल असेल, त्याला मत. सगळे खूश! याहून सरळ नियम कोणता? आणि गंमत बघा, पस्तीसच्या पस्तीस शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की त्या नोंदीत चौदा वर्षं एकच नाव पडत आलंय.

"मी नियमच बदलतो," मास्तर म्हणाले. "ज्यानं कधीही मला पत्र लिहिलं असेल, त्याला मत."

"मग मलाही मत. परवा मी तुला कांदे आण म्हणून लिहिलं होतं." ताईनं यादी त्यांच्यापुढे सरकवली. "नियमाला काही झालेलं नाही. यादी चुकली आहे, आणि याद्या दुरुस्त करता येतात. पुरावा आहे का? जुनी पत्रं वगैरे?"

"सगळी आहेत. मी पत्र कधी पुसत नाही."

"मग ते टेबल रिकामं कर. उद्या सकाळी बसू."

सोमवारी सकाळी बसले. एका बाजूला मास्तर आणि त्यांचा कॉम्प्युटर, समोर ताई, तिची रेघांची वही आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. मास्तरांनी आधी आलेला बदल वाचायचा, मग त्यावरून आपण काय घातलं ते सांगायचं. ताईला कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तिला त्याची जरुरीही नव्हती. ती प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची. "यानं हे पाठवलं नसतं, तर तू केलं असतंस?"

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर..."

"केलं असतंस?"

"नाही."

"घाल नाव."

पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येक नावापाशी अडून बसले. "हे बघ ताई, हे मी जवळजवळ सगळं बदललं होतं."

"काय काय बदललंस?"

"नावं बदलली आतली. आणि, म्हणजे, डावीकडच्या मोकळ्या जागा. हा दोन सोडतो, मी चार सोडतो."

ताईनं पेन्सिल खाली ठेवली आणि भावाकडे नुसतं बघितलं. मास्तरांनी मुकाट्यानं नाव सांगितलं.

मंगळवारी दुपारी जुन्या पत्रांतून प्लंबरचं पत्र निघालं. हा खराखुरा प्लंबर होता, नळ आणि पाइप जोडणारा, दोन कामांच्या मध्ये गाडीत बसून कोड लिहायचा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं लांबलचक याद्या वर-खाली सरकवायची सोय लिहून पाठवली होती. आता या सरकवण्यात एक प्रसिद्ध खोट होती. यादीच्या तळाशी पोचलं की पडदा टुणकन उडायचा. लोक त्याला चौकटीची उचकी म्हणायचे. नऊ वर्षं तक्रारी येत होत्या, आणि नऊ वर्षं मास्तर एकच उत्तर देत होते: "तुमचा माउस तपासा." मास्तरांनी प्लंबरचा मूळ बदल उघडला. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. शेवटची रांग अर्धीच मावत असेल तर काय करायचं, ते त्या ओळीत लिहिलं होतं. मास्तरांनी तेव्हा ती ओळ फालतू म्हणून काढून टाकली होती.

"काय रे?" ताईनं विचारलं. "चेहरा का पडला? कुणी गेलं की काय?"

"उचकी," मास्तर म्हणाले. "ती उचकी मीच लावलीये."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ताईनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्याचं बरोबर होतं. तू ते सुधारायला घेऊन बिघडवलंस. आणि वर नऊ वर्षं लोकांना माउस तपासायला लावलेस."

"हो."

"हसू का?"

"हस," मास्तर म्हणाले, आणि तिच्याआधी स्वतःच हसले. काय करणार? पण हसून झाल्यावर त्यांनी नावांवरून भांडायचं सोडून दिलं.

बुधवारी सकाळी मात्र हसू फुटेना. पियानोबाईंची पत्रं निघाली. या बाई पियानो जुळवण्याचं काम करायच्या आणि त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवायचा. चौकटीतल्या बटणांनी आपलं नाव योग्य क्रमानं सांगावं, एवढंच त्यांनी लिहून पाठवलं होतं. मास्तरांनी ते आपल्या वळणात लिहून काढलं आणि क्रम उलटा झाला. बाईंनी पुन्हा पाठवलं. मास्तरांनी पुन्हा लिहिलं. असं सात वेळा! सातव्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं: "पुन्हा तेच पाठवते आहे. बहुतेक माझ्याच सांगण्यात काहीतरी राहून जातंय. त्रासाबद्दल माफ करा."

मास्तरांना लाज वाटली. कानशिलं गरम होईपर्यंत लाज वाटली. ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले आणि त्यांनी पियानोबाईंना फोन लावला. चौदा वर्षांत त्यांनी बदल पाठवणाऱ्यांपैकी कुणालाही फोन केला नव्हता.

"एक मिनिट हं," पलीकडून आवाज आला, "तार ताणलेली आहे, सैल करते. हां, बोला."

मास्तरांनी आडवळण न घेता सांगून टाकलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"सातही वेळा."

"मास्तर, मला वाटायचं तुम्ही बाकीच्यांचं आहे तसं घेता. माझंच काम कच्चं, म्हणून तुम्हाला लिहून काढावं लागतं. लाजेनं मी कुणाला बोलले नाही कधी."

"बाई, मी कुणाचंच आहे तसं घेतलेलं नाही. एकाचंही नाही."

बाई हसायला लागल्या, अशा खळखळून की मास्तरांना फोन कानापासून दूर धरावा लागला. "अहो, मग हे सगळ्यांना सांगा की! प्रत्येक जण हेच समजून बसला असणार!"

आता कळलं ना, त्या पस्तीस जणांच्या ध्यानात का आलं नाही ते? नोंदीत आपलं नाव नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ते फक्त आपलंच नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि लाजेनं कुणी बोलत नव्हतं.

बुधवारी दुपारी दुरुस्त यादी तयार झाली. एकशे त्रेचाळीस नावं! मास्तरांचा विचार होता की ती गुपचूप लावून टाकावी. ताईनं टेबलावर हात आपटला. "आमच्याकडे दुरुस्त यादी कधी एकटी लागत नसे. जुनी यादी शेजारी लावायची, खाली चुकीचं कारण लिहायचं, त्याखाली सही. नाहीतर लोकांना वाटतं आतल्या आत काहीतरी शिजलंय."

मास्तरांचे धाबे दणाणले. पण लिहिलं त्यांनी. "मी तुमचं काम पुन्हा लिहिलं आणि माझ्या नावावर टाकलं. तुम्ही कमी पडलात म्हणून नव्हे. मी सगळ्यांचंच तसं केलं. काही ठिकाणी चांगलं होतं ते बिघडवलं. उचकी माझी आहे." दोन्ही याद्या जोडल्या, बटण दाबलं आणि जिन्यात जाऊन बसले. वेगळी चूल मांडायला आता लोकांना आपण स्वतःच्या हातानं काडेपेटी दिली, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

तासभर काही नाही. मग ताईची हाक आली. "अरे, ये की वर! हे थांबतच नाहीये!"

पत्रांवर पत्रं पडत होती. "मलाही वाटायचं, फक्त माझंच!" "अय्या, तुमचंसुद्धा?" "मी तर आठ वर्षांपूर्वी सोडूनच दिलं होतं, आपल्याला जमणारी गोष्ट नाही म्हणून. आज यादीत नाव बघितलं. शनिवारी येते." लोक मास्तरांना उत्तर द्यायचं विसरून एकमेकांशीच बोलत सुटले होते. रागावलेलीही होती दोन-चार पत्रं, आणि ती बरोबरच होती. प्लंबरनं एकच ओळ लिहिली होती. "मास्तर, मी तीन माउस बदलले."

शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं जमली. बाकीच्यांनी मतं आधीच लिफाफ्यात पाठवली होती. मतपत्रिकेवर प्रश्न दोन: एकत्र राहायचं की वेगळी चूल मांडायची, आणि मंडळात कोण. ताई मतपेटी घेऊन टोकाच्या टेबलामागे अशी बसली होती, की जणू तिला निवृत्त कुणी केलंच नव्हतं. प्लंबर दारातून आत आला तर दार भरून गेलं, एवढा आडमाप माणूस. त्यानं मास्तरांचा हात धरून असा काही हलवला की खांदा निखळायचा. पियानोबाई पांढरी काठी टेकत पहिल्या रांगेत येऊन बसल्या. हसणंखिदळणं चाललं होतं. तरी मास्तरांच्या लक्षात आलं, बरेच जण घडीच्या मतपत्रिका हातात धरून आहेत, पेटीत टाकत नाहीयेत.

शेवटी प्लंबरच उभा राहिला. "मास्तर, राग मानू नका. माफी मागितलीत, मोठेपणा झाला. पण आम्ही एकत्र राहायचं ठरवलं, मंडळ निवडलं, आणि सोमवारी तुमचे हात पुन्हा शिवशिवले तर? तुम्ही सोडू शकाल का, हा प्रश्न आहे."

ते मास्तरांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"त्यात काय," पियानोबाई म्हणाल्या. "आत्ताच बघू. पडून असलेल्यांतला सगळ्यात जुना बदल उघडा. इथे, भिंतीवर, सगळ्यांसमोर. वाचा, शंका विचारा, पटला तर घ्या. पण हात लावायचा नाही."

सभागृहात हशा पिकला. मास्तर कॉम्प्युटरपाशी बसले. भिंतीवर कोड उमटला. तीन वर्षांपासून पडलेला बदल होता. हात थरथरून बटण दोनदा दाबलं गेलं, तर ते एकदाच धरायचं. आणि डावीकडे मोकळ्या जागा सोडल्या होत्या तीन. दोन नाही, चार नाही, तीन! मास्तरांची बोटं आपोआप कळफलकावर गेली. सत्तर माणसांनी श्वास रोखला. त्यांनी बोटं उचलली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. लोक पुन्हा हसले, मास्तर मात्र हसले नाहीत, ते वाचत होते.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "दोन दाबण्यांमध्ये अर्ध्या सेकंदाची मुदत का? मी पाव ठेवली असती. सुटसुटीत वाटतं."

चौथ्या रांगेतून एक बाई उठल्या. अंगावर बस चालवणाऱ्यांचा गणवेश, तशाच कामावरून आलेल्या. "माझ्या बाबांचा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसून मोजलं. शंभर वेळा. पाव सेकंद उलटला तरी त्यांचं बोट दुसऱ्यांदा बटणावर पडतं."

मास्तरांनी भिंतीवरचा तो अर्धा सेकंद पुन्हा वाचला. आपण हे लिहून काढलं असतं तर पाव सेकंद घातला असता. नीटनेटका, सुंदर पाव सेकंद, आणि त्या म्हाताऱ्याला ते बटण कधीच नीट एकदाच दाबता आलं नसतं.

"माझं चुकलं असतं," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. घेतो." आणि त्यांनी एका हातानं, एका बोटानं, एकच कळ दाबली.

भिंतीवर नोंद उमटली. बदल आत आला होता, आणि त्यापुढे नाव होतं त्या बाईंचं. त्यांनी ते वाचलं. आधी त्यांचा हात तोंडावर गेला, मग डोळे भरले, आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचा माणूस दचकला. "मी बाबांना फोन करू का?" त्यांनी विचारलं. "एकच मिनिट. करू?"

मास्तरांनी मानेनंच 'करा' म्हटलं. 'घेतलं' हा शब्द त्यांनी हजारदा लिहिला होता. तो ऐकणाऱ्याचा चेहरा त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. चौदा वर्षांत हजार वेळा हे बघायला मिळालं असतं, आणि आपण दर वेळी ते स्वतःच्या हातानं पुसून टाकलं! मास्तर रडले. सगळ्यांसमोर, रुमालबिमाल न शोधता रडले, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की ते आपल्याला रडू कशाचं येतंय हेही सांगू शकले नसते.

"पुढचा घ्या!" प्लंबर ओरडला. "पुढचा कुणाचा?"

मग काय, खुर्च्या सरकल्या आणि मास्तरांच्या टेबलाभोवती ही गर्दी. जो तो आपला पडलेला बदल दाखवतोय. ताईला शेवटी पट्टी आपटावी लागली. "अहो, मतदान राहिलंय! मतं टाका आधी, मग घाला गोंधळ!"

लोकांनी घाईघाईनं जाऊन मतं टाकली आणि परत टेबलाशी आले. ताईनं लिफाफे फोडले, मोजणी केली, पुन्हा केली. मग ती उभी राहिली आणि कचेरीच्या आवाजात तिनं निकाल वाचला. वेगळी चूल मांडावी म्हणणारे सहा. एकत्र राहावं म्हणणारे एकशे एकतीस. मंडळात सगळ्यात जास्त मतं पियानोबाईंना. कुणी टाळ्या वाजवेना, म्हणून तिनं चष्म्यावरून बघितलं. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. मधोमध मास्तर बसले होते, हात मांड्यांखाली, आणि एका अनोळखी माणसाला विचारत होते, "हे तुम्हाला कसं सुचलं, ते जरा सांगता का?"